हिरवी खूण

पोळ्याचा दुसरा दिवस. महालातले रस्ते बंद.
टूलकिट डोक्यावर धरून मी गर्दीतून शिरले
मोरेश्वर धकात्यांच्या पत्रिकांच्या छापखान्यात.
"पराते बाई, मशीन येडं होऊन राहिलं.
गणपती ठेवाले गेलो का
त्याच्यावर रमीची जाहिरात येऊन बसते.
अन् अँटिव्हायरस म्हणते, सब ठीक हाय."

खरंच. कोपऱ्यात हिरवी खूण,
नुकती अंघोळ करून बसल्यासारखी.
मी तिला खोटारडी नाही म्हणणार.

समोरच्या गोदामाच्या फाटकावर कान्होबा असतात.
बंद पडलेल्या गिरणीच्या गेटावर तीस वर्षं काढलेले.
त्यांच्याकडे वही आहे, वहीत चेहरे:
कोणी सूत पळवलं, कोणी बॉबिन,
कोण डब्यात पोळीखाली तांब्याची तार नेत होता.
चेहरा जुळला की काठी आडवी.
त्यात चूक नाही.
पण वहीत नाही तो त्यांच्या लेखी पाहुणा.

फाटकापलीकडे शेवंताबाईची टपरी.
तिच्याकडे वही नाही, अक्षरओळख बेताची.
तिला एवढंच कळतं:
हा चहा मागतो अन् पीत नाही.
हा तीन दिवस त्याच खिडकीकडे बघतो.
याचे कपडे हमालाचे, तळवे मऊ.
चुकतेही कधी. मागल्या वर्षी
मीटर वाचायला आलेल्या पोराला
तासभर बसवून ठेवला होता तिनं.
माफी नाही मागितली. भजी खाऊ घातली.

मी दुसरं सॉफ्टवेअर चढवायला घेतलं.
"दोन-दोन? काहून? पहिलं काढून टाकतो मंग."
"नका काढू. जुने रोग मरत नाहीत,
कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून हिंडत असतात.
वहीही लागते."
"मंग दोघांलेही रातदिस जागं ठेवा."
"तेही नको. एकाच फाटकात दोन पहारेकरी
टक्क डोळे उघडून बसले
तर एकमेकांचीच कॉलर धरतात,
अन् मशीन मधल्या मधे घुसमटते.
एक फाटकावर कायम. दुसरं
रविवारी, दुकान बंद असताना,
कानेकोपरे हुंगत फिरेल."

पट्टी सरकत होती. तेवीस टक्के.
चाळीसला पिवळी मारबत गेली दारावरून,
एकसष्टला काळी. ढोलानं शाईच्या बाटल्या हलल्या.
एकीनं भागत असतं तर
या शहरानं दोन कशाला बांधल्या असत्या,
मला कधी कोणी नीट सांगितलं नाही.

मग सापडलं.
व्हायरस नव्हताच तो. एका फाइलीतून दुसरीत
पसरला नव्हता, काही मोडलं नव्हतं.
फुकटचा फॉन्ट, लफ्फेदार,
'शुभविवाह'साठी धकात्यांनीच उतरवलेला,
प्रत्येक 'पुढे'वर स्वतः होकार देत.
त्याच्यासोबत आलेलं काहीतरी आत बसून
दाबलेलं प्रत्येक बटण टिपत होतं:
चि. सौ. कां. मृणाली,
मामांचा फोन नंबर, हॉलचा पत्ता,
तुळशीच्या लग्नानंतरच्या सगळ्या तारखा,
अन् मधेच कुठंतरी बँकेचा पासवर्ड,
मागं भिंतीवर हार घातलेल्या फोटोखाली
जे नाव आहे, तेच.

ते मी मोठ्यानं वाचलं नाही.
स्क्रीन जरा माझ्याकडे वळवून घेतली,
कटिंगवरचा पोरगा बघत होता.

"झालं साफ?"
"आजच्यापुरतं. पासवर्ड बदला.
दुसऱ्या मशीनवरून, आत्ताच."
ते बराच वेळ बोटांकडे बघत राहिले.
"सतरा वर्षं तेच आहे जी.
आता दुसरं नाव कोणाचं टाकू?"

मला सुचलं नाही. नाव नकाच टाकू,
असं सांगायला पाहिजे होतं.
मी बिल लिहिलं, केबल गुंडाळली.

बाहेर रस्ताभर गुलाल, फुटक्या चपला.
कान्होबा वहीवर हात ठेवून डुलकीत.
शेवंताबाईनं न विचारता चहा दिला
अन् समोरच उभी राहिली,
मी पिते की नाही ते बघत.